अकरा अंगठे

"ऐकलंस ना? मग मला परत सांग."

बुरुलचा-एजेचं हे वाक्य कारा-आशू खिंडीच्या रस्त्यानं सव्वीस हिवाळे ऐकलं. खिंडीच्या वरच्या फाटकावरून निरोप यायचा, की एकशे बेचाळीस किलोमीटरच्या वळणावर दगड उतरलेत. एजे तो खालच्या गाडीवाल्याला सांगायची आणि गप्प व्हायची. वायरलेसची खरखर तेवढी चालू राहायची, तव्यावर मीठ पडल्यासारखी. त्या खरखरीतून ते वाक्य यायचं, ना चढ्या आवाजात, ना पडक्या. मग गाडीवाला कितीही घाईत असो, त्यानं आपल्या तोंडानं बोलून दाखवायचं: बेचाळीसचं वळण, दगड डाव्या अंगाला, उजवीकडून एक गाडी जाईल. निरोप जसा दिला तसा परत आला की एजे म्हणायची, "जा." नाही आला, तर पुन्हा पहिल्यापासून.

रस्त्याच्या ठाण्यावर तिला सगळे एजे म्हणत, थोरली बहीण. तिच्याहून वयानं मोठे एकटे कासिमाली, बर्फ लोटायच्या मोठ्या गाडीवरचे. ते तेवढे तिला नुसतं बुरुलचा म्हणत, आणि त्यांना अख्खं ठाणं बाइके म्हणे, थोरला भाऊ. नव्या माणसांना एजेचा राग येई. रिस्पेकलाही आला होता. बाविसाव्या वर्षी तो कामाला लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला एक निरोप चार वेळा बोलायला लावला, कारण चारही वेळा त्याचं डावं-उजवं फिरलं. सगळा रस्ता ऐकत होता. पलीकडच्या खिंडीतल्या ठाण्यावर कुणीतरी हसलेलंही ऐकू आलं. घरी जाऊन तो आईला म्हणाला, त्या बाईला मेंढरांवर ठेवायला हवं होतं, एकही हरवलं नसतं. आई म्हणाली, मग तूही हरवणार नाहीस, जेव आता.

आता रिस्पेक छत्तीस वर्षांचा होता आणि ठाण्याचा प्रमुख होता. म्हणून ते पत्र त्याच्या नावानं आलं.

पत्राआधी अ‍ॅप आलं. मेंढरं वरच्या कुरणांवरून उतरली त्या सुमाराला जिल्ह्याच्या कार्यालयातून नाझिक नावाची एक चुणचुणीत मुलगी वर आली, दोन दिवस राहिली, आणि ठाण्याच्या तेराही जणांच्या फोनवर कामाचं अ‍ॅप घालून गेली. त्यात रस्त्याचा एक गट, गाड्यांच्या दुरुस्तीचा एक, वाळू-मिठाचा एक. निरोप वाचला की दोन खुणा उठायच्या, पटला की अंगठा द्यायचा. रस्त्याच्या गटात सकाळचा निरोप पडला आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे आले, की जिल्ह्याच्या नकाशावर कारा-आशू आपोआप हिरवी होणार आणि खालचं फाटक उघडणार. मध्ये कुणी बसायला नको.

या अ‍ॅपनं ठाण्याचं बरंच भलं केलं, ते कबूल करायला हवं. पूर्वी एखादा पट्टा तुटला तर तो कसा आहे हे फोनवर सांगता सांगता अर्धा दिवस जायचा; आता फोटो टाकला की संध्याकाळी पट्टा हजर. आणि सगळ्यांत आधी ते शिकली कोण, तर बुरुलचा-एजे. ती मूळची गणिताची मास्तरीण. एका वाईट साली गावची शाळा दोन वर्गांवर आली, तेव्हा एका हिवाळ्यापुरती म्हणून ती वायरलेसच्या खोलीत येऊन बसली. तिथं एक शेगडी, एक खिडकी, एक खुर्ची आणि तिच्यावर दोन उशा. तो हिवाळा काही संपला नाही. नवरा घोडे राखायचा, उन्हाळाभर कुरणावर. हिवाळ्यात तो घरी यायचा, तर ही ठाण्यावर. आमचं कधी भांडण झालं नाही, ती म्हणायची, भांडायला भेट तरी व्हावी लागते. दोन मुली तिनं याच खोलीत अभ्यासाला बसवून मोठ्या केल्या. माणसाच्या खोकल्यावरून तो कोण ते तिला कळे, आणि नुसत्या श्वासावरून तो रात्री झोपलाय की नाही तेही.

पत्र फेब्रुवारीत आलं. अ‍ॅप नीट चालू आहे, तेव्हा वायरलेसवरच्या माणसाची जागा लागते की नाही, ते ठाणेप्रमुखानं महिनाअखेर लिहून कळवावं. एजेच्या निवृत्तीला पाच वर्षं होती. खाली गावात दुसरं काम नव्हतं, आणि असतं तरी तिला ते मानवलं असतं असं कुणी म्हणणार नाही. रिस्पेकनं खूप विचार केला. खोटं लिहायचं नाही हे त्यानं ठरवलं होतं, आणि खरं बघायला गेलं तर जानेवारीपासून वायरलेसवर दिवसाला दोन-तीनच निरोप येत होते. म्हणून त्यानं लिहिलं: जागेची गरज दिसत नाही. लिहिलं आणि पाठवलं मात्र नाही. चार दिवस ते तसंच फोनमध्ये पडून राहिलं, आणि त्या चार दिवसांत तो एजेच्या खोलीत चहाला गेला नाही. ती एकदा म्हणालीही, तुला माझ्या चहात काय सापडलं?

मग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या सकाळी आभाळ असं धुतल्यासारखं निघालं की डोळे दुखावेत. खालच्या फाटकापाशी चाळीसेक मालगाड्या तीन दिवसांच्या अडकलेल्या. ड्रायव्हर चहाच्या टपरीत बसून बसून कंटाळले होते. रिस्पेकचा फोन त्यांच्यातल्या निम्म्यांना पाठ झाला होता.

सात वाजता रस्त्याच्या गटात कासिमाली-बाइकेंचा निरोप पडला. रस्ता लोटून झाला, वरचा उतार मोकळा आहे, गाड्या सोडायला हरकत नाही. त्याखाली अंगठे पडायला लागले. रेतीवाला, मीठवाला, दोन्ही फाटकांवरचे, दुरुस्तीचे दोघे. रिस्पेकनंही दात घासता घासता आपला दिला. पाच मिनिटांत अकरा झाले. बारावा येईना.

बारावा एजेचा होता.

साडेसात झाले. नाझिकनं जिल्ह्यावरून गटात अदबीनं लिहिलं, एजे, आपल्याकडून राहिलं का? आठला तिनं रिस्पेकला वेगळा निरोप केला, की वरून विचारणा होते आहे, एकट्या माणसासाठी रस्ता अडलाय. रिस्पेकला वाटलं, एजेला पत्राचं कळलं असणार. आणि कळलं असेल तर रागावणं बरोबरच आहे, पण राग असा रस्त्यावर काढू नये. तो अंगण ओलांडून तिच्या खोलीकडे गेला.

ती फोन मांडीवर ठेवून खिडकीकडे बघत बसली होती. त्यानं शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडातून सरळच निघालं.

"एजे, रस्ता तुमच्या अंगठ्यासाठी अडलाय."

"अडलाय तो बर्फासाठी," ती म्हणाली. "अकरा जणांनी अंगठा दिला. त्यातला एक तुझा. तू काय पाहिलंस?"

"बाइकेंचा निरोप पाहिला."

"निरोप मीही पाहिला. बर्फ कुणी पाहिला?"

 रिस्पेकनं खरोखर फक्त नाव पाहिलं होतं. कासिमाली-बाइकेंच्या नावाखाली अंगठा न देणं त्याच्या मनातच आलं नव्हतं, जसं त्यांच्याआधी दारातून आत जाणं कधी आलं नसतं.

एजेनं वायरलेसचं बटण फिरवून दुसरा नंबर लावला, जो फक्त वरच्या फाटकावर वाजतो. तिथं तालांत होता, एकोणतीस वर्षांचा, ठाण्यातला सगळ्यांत धाकटा. ती त्याला म्हणाली, तुझ्या खिडकीतून काय दिसतं तेवढं सांग. रस्ता उघडा की बंद, ते मी विचारलेलं नाही.

 मग तालांत म्हणाला, "बाइकेंनी लिहिलंय ना, एजे."

"बाइके तुझ्या खिडकीत बसलेत का?"

"नाही."

"मग तुझ्या खिडकीतलं तू सांग."

तेव्हा त्यानं सांगितलं. घोडनाक म्हणून जो कडा आहे, त्याच्या ओठावर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा धरलाय. काल संध्याकाळी हातभर होता, आज माणसाएवढा बाहेर आलाय. आणि त्याच्या खाली एक चीर गेलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे तो उजाडल्यापासून बघत होता.

"मग अंगठा कशाला दिलास?"

"बाइकेंना सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं?"

"परत सांग."

"काय, नाही कसं म्हणायचं ते?"

"छज्ज्याचं, गाढवा."

तालांतनं परत सांगितलं, शब्दाला शब्द.  रिस्पेकचा हात फोनकडे गेला, गटात लिहायला, की फाटक उघडू नका. एजेनं त्याचा हात तसाच धरला. ती म्हणाली, फाटक माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही, तो माझ्याकडे आहे. घाई करून साठीच्या माणसाला मान खाली घालायला लावू नकोस. मग तिनं कासिमाली-बाइकेंच्या गाडीचा नंबर लावला.

चुकलात, असं ती त्यांना म्हणाली नाही. तिनं आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग सुनेची, मग नुकत्याच व्यायलेल्या गाईची. मग विचारलं, उतार कुठून पाहिलात. ते म्हणाले, एकोणचाळीसच्या पुलावरून, नेहमीसारखा.

"पुलावरून घोडनाक दिसतं का, बाइके?"

त्यांच्या गाडीचं इंजिन घुरघुरत होतं तेवढंच ऐकू आलं. "दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण तीस वर्षं मी त्या उताराला ओळखतो, बुरुलचा."

"मी तुम्हाला कधी मध्ये तोडलंय का?"

"रोज."

"मग आजही एकदा. पोरगा म्हणतो छज्जा माणसाएवढा झालाय आणि खाली चीर गेलीय. हे मी कुठं लिहिलेलं नाही. फक्त तुम्हाला सांगितलं."

इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. मिनिटभरानं गटात निरोप पडला. बाइकेंनी लिहिलं होतं: थांबा. माझं आधीचं धरू नका. घोडनाक मी पाहिलं नव्हतं. तालांत काय बघतो आहे ते त्यानं इथं लिहावं. त्याखाली अर्ध्या मिनिटात अकरा अंगठे पडले, आणि बारावा एजेचा. हे अंगठे थांबण्याचे होते, आणि फाटक बंदच राहिलं, कारण तोवर तालांतनं लिहिलं होतं आणि ते वाचून नाझिकनं जिल्ह्यावरून स्वतःच्या हातानं रस्ता लाल केला.

सव्वादहाला घोडनाकावरचा बर्फ उतरला. ठाण्यावर आधी काही ऐकू आलं नाही, फक्त खिडकीची काच थरथरली आणि वरच्या बाजूला पांढरा धूर उठला, ऊन पडलेला, दिसायला इतका देखणा की क्षणभर कुणाला भीतीच वाटली नाही. एकशे चव्वेचाळीस ते शेहेचाळीस, दोन किलोमीटरचा रस्ता त्याखाली गेला. रस्त्यावर कुणी नव्हतं. टपरीतल्या ड्रायव्हरांना तोवर चौथा चहा मिळाला होता, आणि आणखी दोन दिवस थांबायचं म्हणून ते शिव्याही देत होते. त्या शिव्या रिस्पेकनं फोनवर शांतपणे ऐकून घेतल्या.

त्या दुपारी त्यानं एजेच्या जुन्या वह्या काढल्या. ती सव्वीस वर्षं रोज सकाळचे निरोप वहीत उतरवायची. त्याला जिल्ह्याला काहीतरी लिहायचं होतं आणि काय ते समजत नव्हतं. पानं उलटता उलटता त्याला एक गोष्ट दिसली, आणि मग ती प्रत्येक पानावर दिसायला लागली. तिनं सकाळी सगळ्यांत आधी नेहमी सगळ्यांत धाकट्याला विचारलेलं असे. मग त्याच्याहून मोठ्याला. कासिमाली-बाइके नेहमी शेवटी. माणसं बदलली, काही निवृत्त झाली, काही कामाला रशियाला गेली, क्रम बदलला नाही. बारा वर्षांपूर्वीच्या एका वहीत त्याचं स्वतःचं नाव रोज पहिलं होतं.

तो वही घेऊन तिच्याकडे गेला आणि असं का, म्हणून विचारलं. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. ती म्हणाली, आपल्याकडे जेवण झाल्यावर सगळ्यांत थोरला माणूस हात पुढे धरून आशीर्वाद देतो, सगळे तोंडावरून हात फिरवतात, आणि पंगत मोडते. त्यानं पहिल्या घासालाच आशीर्वाद दिला तर बाकीच्यांनी उपाशीच उठायचं का? थोरल्याचा शब्द झाला की बोलणं संपलं. म्हणून त्यांना शेवटी विचारायचं. यात काय कळायचं आहे?

म्हणजे सकाळी सातला बाइकेंचा निरोप पडतो, रिस्पेकच्या ध्यानात आलं, तेव्हा गटातलं बोलणं सुरू होण्याआधीच संपलेलं असतं. ते अंगठे होकाराचे नव्हतेच. ते तोंडावरून फिरवलेले हात होते.

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "एजे, जिल्ह्यावरून पत्र आलंय. तुमच्या जागेची गरज नाही, असं मी लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही."

ती लोकरीचा मोजा विणत होती. सुया थांबल्या.

"परत सांग," ती म्हणाली.

रिस्पेकनं तोंड उघडलं. त्याला ते वाक्य दुसऱ्यांदा बोलता आलं नाही. शेवटी त्यानं तिच्यासमोरच फोन काढून तो मजकूर पुसला.  तिनं किटली शेगडीवर ठेवली आणि चहाच्या दोन वाट्या काढल्या. इतक्या दिवसांनी तो तिथं चहा प्याला, आणि तिनं भाकरीवर साय नेहमीपेक्षा कमी घातली, एवढीच काय ती शिक्षा.

नवं पत्र लिहायला त्याला तीन दिवस लागले. त्यात त्यानं वायरलेसचा उल्लेखच केला नाही. त्यानं ती सकाळ लिहिली, वह्यांचा क्रम लिहिला, आणि खाली लिहिलं की अ‍ॅप चांगलं आहे, पण त्याला कुणाला आधी विचारायचं ते ठाऊक नाही. ते ज्याला ठाऊक आहे, असा माणूस आमच्याकडे एकच आहे.

त्या पत्रावर नाझिक स्वतः वर आली. रिस्पेकला धाकधूक होती, की शहरची मुलगी, तिला राग आला असणार. पण ती आली ती वहीच घेऊन बसली. म्हणाली, मी घरी आजोबांसमोर तोंड उघडत नाही, आणि इथं अंगठ्यावर फाटक उघडायला निघाले होते. मलाच कळायला हवं होतं. ती आणि एजे, दोघी दुपारभर एका फोनवर डोकी लावून बसल्या. संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या गटातून अंगठा गेला. आता सकाळी प्रत्येकानं आपल्या जागेवरून जे दिसतं ते आपल्या शब्दांत लिहायचं, धाकट्यापासून सुरुवात. त्याचं आल्याशिवाय पुढच्याची जागा उघडत नाही. कासिमाली-बाइकेंची जागा सगळ्यांत शेवटी, आणि त्यांनी लिहिल्याशिवाय रस्ता हिरवा होत नाही.

हे बाइकेंना कोण सांगणार, हा प्रश्न होता. एजेनंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे माझ्यानंतर कुणीच बोलायचं नाही? कुणीच नाही, ती म्हणाली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, मग ठीक आहे. इतके दिवस मला चहाच्या आधी उठून लिहावं लागायचं, हे कुणी विचारात घेतलं होतं का?

पहिले काही दिवस तालांत फक्त "ठीक" लिहायचा. एजे त्याला खालून विचारायची, ठीक म्हणजे किती हात? आठवड्याभरात तो चार-चार ओळी लिहायला लागला. एकदा त्यानं कोल्हा रस्ता ओलांडताना दिसल्याचंही लिहिलं, आणि बाइकेंनी शेवटी लिहिलं: कोल्हा धरून रस्ता मोकळा.

नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाच्या, आदल्या आठवड्यात जिल्ह्याचं उत्तर आलं. वायरलेसची खोली बंद करायची, यंत्रं जुनी झाली होती. जागा मात्र राहिली, निवृत्तीपर्यंत. नूरूझ झाला की बुरुलचा-एजेनं पलीकडच्या सहा खिंडींच्या ठाण्यांवर एकेक आठवडा जायचं आणि तिथल्या गटांची घडी बसवून द्यायची. सकाळचा क्रम कोणाचा, कोणी कुठून बघायचं, सगळं. रिस्पेकनं तिला ते वाचून दाखवलं. तिनं कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग म्हणाली, खोली जाणार ते वाईट झालं, खिडकी चांगली होती.  तिसऱ्या दिवशी तिनं रिस्पेकला विचारलं, त्या ठाण्यांवरची माणसं दिसायला कशी आहेत? सव्वीस वर्षं ती त्यांना आवाजानं ओळखत होती. तोंड एकाचंही पाहिलेलं नव्हतं.

नूरूझच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खिंडीची गाडी तिला न्यायला आली. अंगणात बर्फ वितळून चिखल झाला होता, म्हणून गाडी फाटकाबाहेरच थांबली. एजेनं ठेवणीतला निळा कोट घातला होता. हातात एक पिशवी, काखेत उशी. दोन उशांतली एक तिनं तालांतला देऊन टाकली होती. तिला कुणी पोचवायला यावं हे आवडलं नसतं, म्हणून कुणी गेलं नाही. रिस्पेक दारात उभा होता. कासिमाली-बाइके आपल्या गाडीत उंच बसून होते, आरसा पुसायचं निमित्त करून. ती चिखल चुकवत, एकेका कोरड्या दगडावर पाय देत निघाली. फाटकापाशी त्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, चांगला उंच, टक्कल पडलेला माणूस. एजे त्याच्यासमोर थांबली आणि त्याचं तोंड नीट बघत राहिली. तो काहीतरी बोलला, तसा तिनं मोकळा हात तोंडावर नेला आणि ती हसली. आवाज पटला असावा. मग ती पुढं चालली, गाडीच्या पलीकडच्या दाराकडे, आणि रिस्पेकला आता फक्त निळ्या कोटाची कड दिसत होती. बाइकेंचा आरसा केव्हाच पुसून झाला होता. ते अजून बघत होते.